कांदा, शेवगा आणि कामेच्छा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

खेड तालुक्यातील चाकणची बाजारपेठ कांदा-बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि तिच्याच आसपास देहू व आळंदी ही वारकऱ्यांची दोन मोठी तीर्थक्षेत्रे आहेत. त्यामुळे कांद्याविषयीची एक जुनी समजूत या पट्ट्यात दोन्ही अंगांनी नांदताना दिसते. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, घरोघरी भजी आणि थालीपिठे होतात, आणि एकादशीपासून कार्तिकीपर्यंतच्या चातुर्मासात अनेक घरांत कांदा, लसूण व वांगे वर्ज्य होते. वर्ज्य करणारे कांद्याला मन चाळवणारा मानतात, तर तोच कांदा मधातून घेतल्यास पुरुषाची ताकद वाढते, असे छातीठोकपणे सांगणारेही याच परिसरात भेटतात. एकाला ज्याची धास्ती, त्याचीच दुसऱ्याला आशा. समजूत मात्र एकच.

कांदा चिरला की त्याच्या पेशी फुटतात, एरवी वेगळ्या कप्प्यांत असलेले गंधकयुक्त पदार्थ आणि ॲलिनेज नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, एकत्र येतात, आणि त्यातूनच तो उग्र वास व डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. या उग्रपणामुळेच कांद्याला उत्तेजक ठरवले गेले असावे. उंदरांवरील काही प्रयोगांत कांद्याच्या रसाने टेस्टोस्टेरॉन, म्हणजे मुख्यतः वृषणांत तयार होणारे पुरुषी संप्रेरक, वाढल्याचे आढळले आहे. परंतु जेवणातल्या कांद्याने माणसाची कामेच्छा वाढते, असे दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. चातुर्मासाचा नेम हा श्रद्धेचा आणि संयमाचा विषय आहे, त्याला या समजुतीच्या टेकूची गरजही नाही.

शेवग्याच्या शेंगेची कीर्ती तर रुपेरी पडद्याने वाढवली. के. भाग्यराज यांच्या १९८३ सालच्या ‘मुंधानै मुडिचु’ या तमिळ चित्रपटात आणि त्यावरून निघालेल्या ‘मास्टरजी’ या हिंदी चित्रपटात शेवग्याच्या या ख्यातीवर विनोद रचलेले होते, आणि प्रेक्षकांनी विनोदालाच प्रमाण मानले. आमटीतल्या शेंगेतून तंतुमय पदार्थ व क जीवनसत्त्व मिळते, ते जरूर घ्यावे. इच्छा जागवण्याचा गुण तिच्यात सिद्ध झालेला नाही. कोकणातल्या कालवांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांत जस्त भरपूर असते, आणि जस्ताची तीव्र कमतरता असलेल्या मुलांची लैंगिक वाढ खुंटते, असा अंदाज डॉ. आनंद प्रसाद यांनी १९६१ मध्ये इराणमधील रुग्णांवरून मांडला आणि पुढे तो खरा ठरला. पण कमतरता भरून काढणे आणि धडधाकट माणसाला उत्तेजित करणे या दोन वेगळ्या बाबी आहेत.

आयुर्वेदाचा आधार घेताना मात्र मूळ ग्रंथ क्वचितच पाहिला जातो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वाजीकरणाला, म्हणजे मैथुनशक्ती व संततीसाठीच्या उपचारांना, स्वतंत्र अध्याय दिलेला आहे आणि त्यात दूध, तूप, उडीद अशी पौष्टिक द्रव्ये येतात. तरीही सर्वश्रेष्ठ वाजीकरण म्हणून तेथे मन प्रसन्न करणाऱ्या स्त्रीचाच उल्लेख आहे. परस्परांच्या ओढीला मुळीपेक्षा वरचे स्थान देणारा हा विचार आजच्या जाहिरातींत कोठेच उरलेला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी औषधकंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली, आणि त्याच वर्षी संसदेने औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा संमत करून लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करण्यास बंदी घातली. तरीही महामार्गांच्या कडेला तंबू ठोकून, बरण्यांत मुळ्या आणि शिलाजिताचे काळे खडे मांडून बसलेले विक्रेते गिऱ्हाइकांना खात्री देतच असतात. वनस्पतीजन्य म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा औषधांत सिल्डेनाफिल, म्हणजे शिश्नाकडील रक्तप्रवाह वाढवणारे आधुनिक औषध, छुपेपणाने मिसळलेले असल्याचे अनेक देशांतील तपासण्यांत वारंवार आढळले आहे. हृदयरोगासाठी नायट्रेट गटातील गोळी घेणाऱ्याच्या पोटात ते गेले, तर रक्तदाब एकाएकी कोसळून जीव जाऊ शकतो. ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हा या विषयातला सर्वांत घातक गैरसमज आहे. अशा उपायांनी गुण आल्याचे सांगणारे सगळेच खोटे बोलतात असेही नाही, कारण औषधांच्या चाचण्यांत नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या गटातही काहींना सुधारणा जाणवते. ती अपेक्षेची किमया असते.

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत पाळीने राबणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळाच आहे. शिकागो विद्यापीठाच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिले, तेव्हा त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन दहा ते पंधरा टक्क्यांनी घटले. अपुरी झोप, तंबाखू, दारू, मधुमेह आणि मनावरचा ताण यांनी जे बिघडते, ते कांद्याने किंवा मुसळीसारख्या मुळीने भरून येत नाही. शिश्नाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा अरुंद असल्यामुळे त्या आधी तुंबू लागतात, आणि म्हणून ताठरतेची तक्रार कित्येकदा हृदयविकाराच्या काही वर्षे आधी दिसते. ही तक्रार महिनोन्‌महिने टिकत असेल, तर लाज बाजूला ठेवून पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे जाऊन रक्तातील साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे.