कोरीव लेखांची संगणकीय रेखाटने आणि छपाईतील प्रमाण

कोरीव लेखाचे संपादन करताना पाठ, लिप्यंतर आणि भाषिक टिपणे यांच्या जोडीला दगडाचे रेखाटन द्यावे लागते. अलीकडे हे रेखाटन पेन्सिलीने न करता ऑटोकॅडसारख्या संगणकीय आलेखनाच्या साधनाने करण्याची पद्धत रूढ होत आहे. या पद्धतीत काटेकोरपणा पुष्कळ आहे; परंतु तो पडद्यापुरता न राहता छापील कागदावर उतरावयाचा असेल, तर काही गोष्टींचे अवधान ठेवणे अगत्याचे आहे. त्यांचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय निव्वळ यांत्रिक आहे असे कोणास वाटेल. तसा तो नाही, हे आमच्याच एका कामातील अनुभवावरून सांगता येईल. एका भंगलेल्या शिळेचे आणि तिच्यापासून काही अंतरावर सापडलेल्या एका तुकड्याचे रेखाटन आम्ही 1:5 या प्रमाणात करून घेतले होते. शिळेवरील भंगरेषेची लांबी कागदावर 84 मि.मी. भरली, म्हणजे प्रत्यक्षात 420 मि.मी. तुकड्याची कड मात्र कागदावर 81.5 मि.मी. भरली, म्हणजे 407.5 मि.मी. साडेबारा मिलिमीटरांचा हा फरक दुर्लक्षिण्यासारखा नव्हता. भंगरेषेवर दुभागलेल्या अक्षरांचे दोन भाग एकमेकांशी जुळेनात. तेव्हा हा तुकडा दुसऱ्याच लेखाचा असला पाहिजे, असे आम्ही ठरवून टाकले आणि पाठाचा शेवट गाळलेल्या जागेच्या टिंबांनी पुरा केला. पुढे कागदी ठसे समोरासमोर ठेवले तेव्हा अक्षरे बिनचूक जुळली. दोष दगडाचा नव्हता, वाचनाचाही नव्हता. तुकड्याचा कागद छापताना यंत्राने चित्र शेकडा तीनने आक्रसले होते, एवढेच.

हे कसे घडते हे समजण्यासाठी प्रमाण म्हणजे काय याचा प्रथम विचार केला पाहिजे. प्रमाण हा चित्राच्या अंगचा गुण नव्हे. कागदावरील लांबी आणि वस्तूवरील लांबी यांच्यामधील तो संबंध आहे. संगणकातील चित्राला या अर्थाने प्रमाणच नसते. तेथे दीड मीटर उंचीची शिळा 1500 एकके उंच काढावयाची असते आणि 40 मि.मी. उंचीचे अक्षर 40 एकके. पडद्यावर ते लहानमोठे दिसते, पण त्याची मापे बदलत नाहीत. प्रमाणाचा प्रश्न उपस्थित होतो तो चित्र कागदावर येते त्या क्षणी.

येथे पहिली अडचण एककांची. चित्रातील 1500 हा आकडा मुळात निर्विशेष असतो. तो मिलिमीटरांचा की इंचांचा, हे आपण सांगावे लागते. एक इंच म्हणजे 25.4 मि.मी. त्यामुळे एकक चुकले, की चित्र 25.4 पट मोठे किंवा तितकेच लहान होऊन बसते. आपल्या विषयात ही चूक सहज संभवते, कारण भारतात दशमान मापांचा अंमल 1956च्या कायद्यान्वये 1958पासून क्रमाक्रमाने सुरू झाला आणि त्यापूर्वीच्या बहुतेक नोंदी इंचांत आहेत. तथापि ही चूक इतकी ढोबळ असते, की ती ताबडतोब दिसते. खरा धोका लहान चुकांचा आहे.

दुसरी पायरी छायाचित्राची. दगडाचे छायाचित्र संगणकात घेऊन त्यावरून अक्षरे गिरवावयाची असतील, तर छायाचित्र समोरून, दगडाच्या पृष्ठाशी काटकोनात घेतलेले असावे आणि त्यात मोजपट्टी दगडाच्या पृष्ठालगत ठेवलेली असावी. मग 'स्केल' या आज्ञेतील 'रेफरन्स' हा पर्याय निवडून मोजपट्टीवरील दोन खुणा दाखवावयाच्या आणि त्यांमधील खरे अंतर, समजा 200, टंकित करावयाचे. सर्व चित्र त्या हिशेबाने लहानमोठे होते. अक्षरे गिरविण्याचे काम यानंतरच आरंभावे.

तिसरी पायरी कागदाची. ऑटोकॅडमध्ये दोन क्षेत्रे असतात. 'मॉडेल' या क्षेत्रात वस्तू तिच्या खऱ्या मापाने असते. 'लेआउट' या क्षेत्रात छापावयाचा कागद त्याच्या खऱ्या मापाने असतो. त्या कागदावर 'व्ह्यूपोर्ट' नावाची एक खिडकी पाडून तिच्यातून वस्तू पाहावयाची असते. प्रमाण ठरते ते या खिडकीचे. 1500 मि.मी. उंचीची शिळा 1:5 या प्रमाणात 300 मि.मी. होते. ए-4 कागदाची उंची 297 मि.मी. असल्यामुळे ती त्यावर मावणार नाही. त्यासाठी 297 × 420 मि.मी.चा ए-3 कागद हवा, अथवा 1:10 हे प्रमाण पत्करले पाहिजे. खिडकीचे प्रमाण एकदा ठरले, की तिला कुलूप लावून टाकावे. एरवी माउसचे चाक नकळत फिरले तरी प्रमाण बदलते, आणि ते बदलल्याची जाणीव नुसत्या डोळ्यांना होत नाही.

टिपांच्या अक्षरांचाही हिशेब येथेच करावा. कागदावर 2.5 मि.मी. उंचीचे अक्षर हवे असेल आणि टीप मॉडेलमध्ये लिहिलेली असेल, तर 1:5 या प्रमाणासाठी तिची उंची 12.5 ठेवावी लागते. टीप लेआउटमध्येच लिहिली, तर 2.5 पुरे. दुसरा मार्ग अधिक सोयीचा आहे.

यानंतर छपाई. प्रमाण खिडकीने आधीच ठरविलेले असल्यामुळे लेआउटची छपाई 1:1 अशीच झाली पाहिजे. येथे 'फिट टू पेपर' हा एक सोज्वळ दिसणारा पर्याय असतो. त्याचा अर्थ, चित्र कागदात बसेल तितके लहानमोठे कर, असा आहे. मग प्रमाण काहीही होवो. तो रद्द केला पाहिजे. पुष्कळांची दक्षता येथेच संपते. परंतु हल्ली चित्र थेट न छापता त्याची पीडीएफ प्रत करून ती छापणाऱ्याकडे धाडतात, आणि ती प्रत उघडणारे साधन 'फिट' व 'ॲक्च्युअल साइज' असे पर्याय पुन्हा विचारते. छपाईयंत्राला कागदाच्या कडेचा काही भाग छापता येत नाही. म्हणून 'फिट' म्हटले, की चित्र किंचित् आक्रसून त्या समासांच्या आत बसविले जाते. आमच्या तुकड्याचे शेकडा तीन गेले ते येथे. 'ॲक्च्युअल साइज' हाच पर्याय निवडावा, आणि चित्राभोवती पुरेसा समास आपणच सोडून ठेवावा, म्हणजे काही कापले जाणार नाही.

शेवटची पायरी नकलेची. ए-3 कागद झेरॉक्सवर ए-4 केला, की चित्र शेकडा 71 होते. 1:5 चे प्रमाण आता सुमारे 1:7 झालेले असते, पण कोपऱ्यातील '1:5' हे अंक तसेच राहतात. मूळ 40 मि.मी. उंचीचे अक्षर या नकलेवर सुमारे 5.7 मि.मी. भरते; वाचक त्यास पाचाने गुणतो आणि 28 मि.मी. अशी नोंद करतो.

भाषेच्या अभ्यासकास हा प्रकार ओळखीचा वाटावा. 'आज', 'येथे', 'मी' या शब्दांचा अर्थ उच्चाराच्या प्रसंगावर अवलंबून असतो. तारीख नसलेल्या पत्रातील 'आज' हा शब्द व्याकरणशुद्ध असूनही निरुपयोगी ठरतो. '1:5' हे अंकप्रमाण याच जातीचे विधान आहे. ज्या एका कागदावर ते प्रथम छापले गेले, त्या कागदापुरतेच ते खरे. याउलट, चित्रात काढलेले रेषाप्रमाण, म्हणजे 0 ते 500 मि.मी. अशी खुणांची पट्टी, चित्राबरोबर लहान होते, चित्राबरोबर मोठी होते, आणि म्हणून तिचे म्हणणे प्रत्येक नकलेत खरे राहते. 'एपिग्राफिया इंडिका'च्या जुन्या खंडांत कित्येक ठशांच्या पटांखाली 'एक-चतुर्थांश प्रमाण' अशा आशयाची नोंद आढळते. खंड हाती घेऊन वाचणाऱ्यास ती उपयुक्त होती. त्याच पटाची प्रतिमा आज पडद्यावर पाहणाऱ्यास तिचा काहीच आधार उरलेला नाही.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. चित्र सर्व बाजूंनी सारखेच आक्रसले, तर त्याच्या आतील परस्पर प्रमाणे बिघडत नाहीत. त्रुटित ओळीत किती अक्षरे मावतील, हा अंदाज त्याच चित्रातील अक्षरांवरून बांधला असेल, तर तो शाबूत राहतो. अनर्थ होतो तो चित्र दुसऱ्या कशाशी ताडून पाहताना: दगडाशी, ठशाशी, किंवा दुसऱ्या चित्राशी. आणि संपादनाचे काम तर या ताडून पाहण्यावरच उभे आहे.

तात्पर्य, प्रत्येक रेखाटनात रेषाप्रमाण आडवे आणि उभे असे दोन्ही दिशांनी काढावे. कारण काही यंत्रे कागद सरकण्याच्या दिशेने किंचित् वेगळे छापतात. छापील प्रत हाती येताच दोन्ही पट्ट्या पोलादी मोजपट्टीने मोजाव्यात. 1:5 च्या चित्रात 500 मि.मी.ची पट्टी 100 मि.मी. भरली पाहिजे, आमची 97 भरली होती, आणि ती मोजण्याचे कोणास सुचले नव्हते. अंकप्रमाण द्यावयाचेच असेल, तर त्यापुढे मूळ कागदाचा आकारही लिहावा. एवढे केले असते, तर आमच्या पाठाच्या शेवटी ती टिंबे आली नसती.