ट्रॅक्टरला ट्रॉली घेताना

केळझरच्या शिवारातला माल सेलू, सिंदी नाहीतर हिंगणघाटच्या बाजारात जातो. वावरातून पांदण आणि पांदणीतून नागपूर-वर्धा महामार्ग, दोन्हीकडे ट्रॉली एकच. घेणारा आधी विचारतो, "किती पोती मावतील?" मला विचाराल तर पहिला प्रश्न वेगळा हवा: भरलेली ट्रॉली वेळेवर थांबेल का?

पेटी आणि वजन

10 फूट लांब, 6 फूट रुंद, 2 फूट उंच पेटी घ्या. सपाट भरली तर सोयाबीन साधारण 24-25 क्विंटल बसतं. त्याच पेटीत मुरूम भरला, तर वजन 5 टनांच्या पुढे जातं. कापसाचं उलट आहे. जागा संपते पण वजन भरत नाही, म्हणून वर जाळी लावून पेटी उंच करतात. जाळी काढघालीचीच असावी. कापसासाठी कायमची उंच केलेली पेटी पुढे शेणखत आणि मुरमाने काठोकाठ भरली जाते, आणि मग पाटे बसतात, टायर फुटतात.

दोन चाकी की चार चाकी

दोन चाकी ट्रॉलीचा थोडा भार हुकावर येतो. त्याने ट्रॅक्टरची मागची चाकं काळ्या मातीत चांगली धरतात, आणि अरुंद पांदणीत ट्रॉली मागे घेणंही सोपं जातं. पण माल नीट पसरायला हवा. पुढे जास्त झाला तर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होऊन स्टेअरिंग लागत नाही. मागे जास्त झाला तर हूकच वर उचलला जातो. चार चाकी ट्रॉली आपला भार आपण पेलते, सोडून ठेवली तरी उभी राहते, लांबच्या बाजाराला बरी. रिव्हर्स घेताना मात्र ती चांगल्या चालकालाही घाम फोडते. 40-45 हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर आणि बहुतेक काम वावर ते घर असेल, तर मी दोन चाकीच सुचवीन.

ब्रेक

असा ट्रॅक्टर स्वतः जेमतेम 2 टनांचा, आणि त्याचे ब्रेक बहुधा फक्त मागच्या चाकांना. मागे ट्रॉली धरून 6 टन लोटत असतील, तर उतारावर ट्रॅक्टर ढकलला जातो, वळणावर ट्रॉली आडवी येते. तरीही आपल्याकडे बिनब्रेकच्या ट्रॉल्या सर्रास विकल्या जातात. थोडे पैसे जास्त गेले तरी ब्रेकवालीच घ्या. रस्त्यावर येताना ट्रॅक्टरचे डावा-उजवा दोन्ही पेडल खटक्याने जोडा. वावरात वळण्यासाठी सुटा ठेवलेला एकच पेडल महामार्गावर दाबला गेला, तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

मागच्या फाळक्याला लाल रिफ्लेक्टर आणि चालू दिवे हवेतच. अंधारात उभी असलेली ट्रॉली मागून येणाऱ्याला दिसत नाही, आणि त्यात माणसं मरतात.

कागदपत्रे

ट्रॉलीची आरटीओकडे वेगळी नोंदणी लागते, आणि विम्यातही तिचा उल्लेख हवा. गावाजवळच्या वर्कशॉपमधून घेत असाल, तर नोंदणीला लागणारी कागदं मिळतील का, हे आधी विचारा. क्षमतेपेक्षा जास्त माल भरल्याचा दंड मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 आहे. मजूर किंवा केळझरच्या सिद्धिविनायकाच्या दर्शनाला निघालेली माणसं ट्रॉलीत बसवू नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

इसार देण्याआधी ट्रॉलीचं रिकामं वजन आणि भार पेलण्याची क्षमता लिहून मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल, तर दुसरं दुकान गाठा.