पेटीचा भाव आणि एकच फेरी

समजा, रत्नागिरीच्या एका बागायतदाराने वाशी बाजारातला हापूसच्या पेटीचा भाव रोज टिपला. आदल्या दिवसापेक्षा पडलेला फरक, शंभर रुपयांच्या हिशोबात, असा: -३, ४, -१, ५, -६, २. सलग कोणत्या दिवसांत भाव सर्वाधिक चढला?

नव्वद दिवसांच्या हंगामात सलग दिवसांचे ४,०९५ गट पडतात. प्रत्येकाची बेरीज मांडणे म्हणजे निव्वळ वेळेची नासाडी. डायनॅमिक प्रोग्रामिंग ही गणनाची पद्धत रोज एवढेच विचारते: कालची बेरीज पुढे न्यायची, की आजपासून नवी सुरुवात करायची? कालची बेरीज उणे असेल तर ती सोडून द्यायची. इथे बेरजा येतात -३, ४, ३, ८, २, ४. उत्तर ८, दुसरा ते चौथा दिवस. मध्ये -१ आला तरी साखळी तुटत नाही. सगळे मर्म इथेच आहे.

नव्वद दिवसांना नव्वद पायऱ्या!

‘डायनॅमिक प्रोग्रामिंग’ हे नाव रिचर्ड बेलमन यांनी १९५०च्या दशकात दिले. सलग बेरजेचा हा प्रश्न उल्फ ग्रेनांडर यांनी १९७७मध्ये चित्रांतील आकृतिबंध शोधताना मांडला. एका फेरीची रीत कार्नेगी मेलन विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ जे कडेन यांची. जॉन बेंटली यांनी १९८४मध्ये ती लेखातून सर्वांपुढे आणली.