आतड्याचा जुनाट दाह : सुया आणि मोक्साचा शेक

ऐन सुगीत दिवसातून सहा-सात वेळा बांधाआड जावे लागते, पोटात मुरडा येतो, रक्त व आव पडते. आपण मूळव्याध किंवा आमांश म्हणून मोकळे होतो. पुष्कळदा ते खरेही असते. पण त्रास महिनोन्‌महिने राहिला व अंग झडू लागले, तर आतड्याला जुनाट दाह जडला असण्याची शंका घ्यावी. या दाहाचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या अस्तराला व्रण पडतात. क्रोन्स रोग अन्नमार्गात कोठेही होतो आणि आतड्याच्या भिंतीत खोल शिरतो. औषधाने हे रोग आटोक्यात राहतात, पण पुन्हा उसळतात. म्हणूनच रोगी चिनी सूचिचिकित्सेकडे, म्हणजे अॅक्युपंक्चरकडे, वळतात.

ही विद्या आपल्याला अगदीच परकी नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू यांनी पुढे तेथे ती शिकून भारतात आणली.

पोटाच्या विकारात बारीक सुया बेंबीच्या दोन्ही बाजूंना टोचतात; तसेच गुडघ्याखाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरच्या अंगाला. मोक्सा म्हणजे आपल्या दवण्याच्या जातकुळीतील एका वनस्पतीची वाळलेली पाने कुटून केलेला कापसासारखा भुगा. त्याची कांडी पेटवून त्वचेला न टेकवता त्याच जागी शेक देतात.

गुण येतो का? जर्मनीत २००४ साली क्रोन्सच्या ५१ रोग्यांवर झालेला प्रयोग पाहू. एका गटाला चार आठवड्यांत दहा वेळा सुया व मोक्सा दिला. दुसऱ्याला मुद्दाम भलत्याच जागी सुया टोचल्या. रोगाची तीव्रता मोजणारा सरासरी आकडा पहिल्या गटात २५० वरून १६३ वर आला, दुसऱ्यात २२० वरून १८१ वर. हा आकडा १५० च्या खाली गेला तरच रोग शमला म्हणतात. म्हणजे आराम पडला, पण रोग गेला नाही. आणि भलत्या जागच्या सुयांनीही थोडे बरे वाटलेच, हेही विसरू नये! शांघायच्या वैद्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेला ६६ रोग्यांवरील अभ्यास अधिक आशादायक आहे. औषधांनी पुरता गुण न आलेल्या या रोग्यांना बारा आठवडे उपचार दिले. त्यांचा परिणाम वर्षअखेरीपर्यंत टिकला. तरीही इतक्या थोड्या माणसांवरून छातीठोक बोलता येत नाही.

यामागचे कारण थोडेफार उलगडले आहे. गुडघ्याखालच्या त्याच जागी सुईतून सौम्य वीज सोडली, तर मज्जातंतूंमार्फत मेंदूला निरोप जाऊन शरीरातील दाह उतरतो, असे २०२१ साली उंदरांमध्ये दिसले.

आपल्या मुलखात एक धोका मोठा. आतड्याचा क्षय हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो. क्षय असताना सुयांवर विसंबून राहिले तर रोग आत वाढत जातो; क्रोन्स समजून स्टेरॉइड दिले तर तो भडकतो. म्हणून आधी शौचाची तपासणी आणि दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून परीक्षा करवावी. सुया सुरू केल्या तरी डॉक्टरांच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. प्रत्येक वेळी नवी, निर्जंतुक सुई समोर फोडलेल्या पाकिटातून घेतली जाते ना, ते पाहावे. वापरलेल्या सुईतून कावीळ व एड्सची लागण होते. मधुमेहाने पाय बधिर असतील तर मोक्साचा चटका कळत नाही, ते आधीच सांगावे. ताप चढला, पोट फुगून कडक झाले किंवा रक्त थांबेना, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.