पालखीनंतर सुरू, उजाडताना समाप्त

सिंधुदुर्गातल्या जत्रेत दशावतारी नाटक किती वाजता सुरू होणार, हे कंपनीच्या मालकालाही ठाऊक नसतं. देवाची पालखी फिरून देवळात गेली की नाटक सुरू. कधी ती अकराला आत जाते, कधी एक वाजून गेला तरी बाहेरच असते. संपायची वेळ मात्र पक्की. उजाडताना दहिकाला व्हायलाच हवा, हंडी फुटायलाच हवी. या दोन टोकांच्या मध्ये जेवढी रात्र हाती लागेल, तेवढ्यात एक आख्यान बसवायचं. लिहिलेली संहिता नाही, दिग्दर्शक नाही, तालीम नाही. हे जमतं कसं, हे पाहायचं असेल तर प्रेक्षकांत बसून कळत नाही. मी कुडाळ तालुक्यातल्या एका जत्रेत रंगायच्या जागेत, पेटाऱ्यांना पाठ टेकून बसलो होतो.

दशावतारी कंपन्यांची नावंच गावांवरून आली आहेत. वालावलकर, मोचेमाडकर, खानोलकर, चेंदवणकर, आणि गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या पार्से गावचे पार्सेकर. कोणत्या देवळाच्या जत्रेत कुणी नाटक करायचं, हे अनेक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. जत्रा तिथीची आणि कंपनी हक्काची. त्यामुळे त्याच देवळासमोर तेच घराणं वर्षानुवर्षं उभं राहतं आणि त्या जागेची खडान्‌खडा माहिती अंगात मुरते. अंगण कुठे उतरतं आहे, सभामंडपाच्या कुठल्या खांबामुळे बायकांच्या बाजूला राजा दिसत नाही, खाजेवाल्यांच्या रांगेतला गलका कुठवर येतो, हे कुणाला सांगावं लागत नाही. रंगमंच म्हणून असतं ते एक बाक. तेच सिंहासन, तेच कैलास पर्वत, तोच रथ. बाकाचं तोंड कुठे करायचं हा निर्णय मालकाचा. मी पाहिलं, तेव्हा त्याने बाक दोनदा हलवला. देवाकडे पाठ होता कामा नये आणि दीपमाळेची सावली बोलणाऱ्याच्या तोंडावर पडता कामा नये, दोन्ही सांभाळायचं होतं.

रंगायला सगळे एका ओळीत बसतात. प्रत्येकाच्या हातात आपला आरसा, समोर आपली डबी. रंगभूषाकार असा वेगळा माणूस नाही, ज्याने त्याने आपलं तोंड रंगवायचं. एकीकडे भुवया कोरणं चालू असताना दुसरीकडे मालक कथा सांगत असतो. सांगतो म्हणजे काय, तर फक्त सांधे. राजा शिकारीला जातो, ऋषीचा शाप होतो, राणी वनवासात, राक्षस तिला पाहतो, नारद मध्ये पडतो, युद्ध. एवढंच. कोण काय बोलणार, हे ज्याचं त्याने पाहायचं. त्यानंतर जे बोलणं होतं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, कारण नाटकाची खरी बांधणी तिथे झाली. राणी होणारा कलावंत नारदाला म्हणाला, ‘‘माका साडी बदलूची आसा, तू थोडो येळ बोलत रव.’’ राक्षसाने राजाला विचारलं, युद्धात आधी कोण पडणार. पेटीवाल्याने नव्या मुलाची पट्टी विचारून घेतली. दहा-पंधरा माणसांची ही चर्चा चहाचा एक पेला संपेपर्यंत आटोपली.

पहिला भाग आडदशावताराचा. मुखवटा लावलेला गणपती येतो, रिद्धिसिद्धी येतात, मग सरस्वती, भटजी आणि शेवटी वेद चोरणारा संकासुर. विधी म्हणून याचं महत्त्व आहेच, पण कामाच्या नजरेने पाहिलं तर रात्रीचं पहिलं माप इथेच घेतलं जातं. पालखी लवकर आली तर गणपतीची आरती सावकाश चालते, तबक प्रेक्षकांतून फिरून येतं, भटजी आणि संकासुर यांची जुंपते. उशीर झाला तर हेच सगळं आखडतं, वगळलं मात्र काहीच जात नाही. काळ्या वेशातला संकासुर मालवणीत बोलतो, आणि त्याला गावाची खबर लागते. तो कलावंत संध्याकाळपासून जत्रेत फिरत होता. चहाच्या टपरीवर बसला, नारळ विकणाऱ्या बाईशी बोलला, रस्त्याचं काम कुणी अडवलं ते ऐकून आला. मध्यरात्री भटजीशी वाद घालताना तो रस्ता संकासुराच्या तोंडी आला आणि अंगणात हशा उसळला. या कामाला पाठांतर नको, कान हवेत. आणि जिभेला लगामही हवा, कारण ज्याच्यावर हसायचं तो समोरच बसलेला असतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा इथेच यायचं असतं.

मुख्य आख्यानात भाषा बदलते. राजा, ऋषी, देव हे संस्कृतप्रचुर मराठी बोलतात, तेही न अडखळता, तासन्‌तास. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस मोठा विद्वान आहे. विद्वान असतोही. पावसाळ्यात भात लावणारा हा माणूस हरिविजय आणि पांडवप्रताप वाचून, कीर्तनं ऐकून, मोठ्या नटांच्या मागे बसून घडलेला असतो. पण बोलण्याचा हा साठा म्हणजे अर्धंच काम आहे, असं माझं मत झालं. उरलेलं अर्धं म्हणजे समोरच्याला जागा देणं. राजाने ऋषीला एक प्रश्न टाकला, धर्म मोठा की वचन मोठं. हा प्रश्न ठरलेला नव्हता. ऋषीने उत्तराला वेळ घेतला, कमंडलू खाली ठेवला, आणि राजा पुढे एक शब्दही बोलला नाही. घाई करून तो ती जागा भरू शकला असता. त्याने ती ऋषीला दिली, आणि पुढची वीस मिनिटं त्या एका प्रश्नावर अंगण खिळून राहिलं.

ही जागा सगळ्यांत आधी ओळखतो तो पेटीवाला. पायपेटी, पखवाज आणि झांज, एवढाच वाद्यमेळ खेळाच्या कडेला बसलेला असतो. पात्र प्रवेश करतं ते पद म्हणत. प्रत्येकाची पट्टी वेगळी. एकाची काळी दोन, दुसऱ्याची पांढरी चार. नट बोलता बोलता गाण्याकडे वळणार हे त्याच्या वाक्याच्या चढावरून हेरून पेटीवाला सूर आधीच धरतो, तेव्हा नटाला तो हवेतून मिळाल्यासारखा मिळतो. पखवाजवाला पायांकडे पाहतो. युद्धात तलवारी फिरतात त्या त्याच्या बोलांवर, आणि दमलेल्या माणसाचं पाऊल जड पडलं की ठेका सावकाश होतो. पहाटे चार वाजता दमलेल्या राक्षसाला त्याने असा सांभाळला की प्रेक्षकांना राक्षस डौलाने चालतो आहे असंच वाटलं. रात्रभरातला दिग्दर्शक कुणाला म्हणायचंच असेल, तर मी या दोघांना म्हणेन.

स्त्री पार्टी करणाऱ्या पुरुषाचं कौतुक सहसा दिसण्यावर थांबतं. साडी, केसांचा टोप, मुरका यांवर. मला त्याची चाल जास्त अवघड वाटली. रंगायच्या जागेपासून बाकापर्यंत गर्दीतून वाट काढत यायचं असतं, लहान मुलं पायाशी झोपलेली असतात, खाली खडबडीत जमीन असते, आणि त्या सगळ्या वाटेवर राणी राणीच राहायला हवी. इथे विंग नाही. आतलं आणि बाहेरचं असं काही नसल्यामुळे पात्र धरायचं ते उठल्या क्षणापासून.

साडेतीनच्या सुमारास मालकाने आकाशाकडे नाही, मनगटाकडे पाहिलं आणि नारदाला खूण केली. नारद हे या नाटकातलं सर्वांत उपयोगी पात्र. तो कुठेही येऊ शकतो, कुठूनही जाऊ शकतो, कुणालाही काहीही सांगू शकतो. वेळ उरला तर तो दोघांत कलागती लावतो, वेळ कमी पडला तर एका वाक्यात वनवास संपवतो. त्या रात्री त्याने राणीची एक सबंध तपश्चर्या नुसत्या सांगण्यात उरकली. समोर बसलेल्या म्हाताऱ्यांना हे कळलं, त्यांनी माना डोलावल्या. कापलं कुठे हे ओळखणारा प्रेक्षक असला की कापणाऱ्यालाही हुरूप येतो.

मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना आपण 1843 सालच्या सांगलीपासून, विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवर’पासून सुरुवात करतो. त्या खेळातही सूत्रधार पदं म्हणत असे आणि पात्रं आपली भाषणं उत्स्फूर्त करत असत. गणपती आणि सरस्वतीही तिथे होते. पुढे छापील नाटक आलं आणि ही रीत शहरांतून गेली. कोकणातल्या देवळांपुढे ती नुसती टिकली नाही, कामाला येत राहिली, कारण तिथली गरज बदलली नाही. पालखी अजूनही तिच्या वेळेने येते.

मुंबईतल्या नाट्यगृहात हेच नाटक तीन तासांत होतं. पडदा असतो, सुरुवातीची आणि शेवटाची वेळ ठरलेली असते. चाकरमान्यांची गर्दी होते, ती व्हायलाच हवी. निरनिराळ्या कंपन्यांतले नावाजलेले नट एकत्र आणणारे संयुक्त दशावतारही जोरात चालतात, जाहिरातींवर ट्रिकसीनचा उल्लेख ठळक असतो. धुरातून देवी प्रकटते, दिवे लाल होतात. त्याला माझी हरकत नाही, लोकांना ते आवडतं आणि कंपन्यांना पैसे मिळतात. पण ट्रिकसीनची घटका ठरलेली असते, ती पुढेमागे होत नाही. तिच्याभोवती संवाद बांधावे लागतात, आणि राजाने ऋषीला दिलेली ती जागा सगळ्यात आधी जाते. नामवंत नट एका रात्रीपुरते भेटतात तेव्हा बोलण्याची जुगलबंदी रंगते खरी, पण एकमेकांचा दम कुठे संपतो हे ठाऊक असायला हंगामभर एकाच टेम्पोतून फिरावं लागतं.

त्या कंपनीत एक पोरगा होता, मिसरूड नुकतं फुटलेलं. त्याला रिद्धी दिली होती आणि नंतर राजाचा सेवक. सेवकाला वाक्यं दोनच, उरलेला वेळ भाला धरून उभं राहायचं. मला वाटलं, बिचाऱ्याला काम नाही. जुन्या राजाचं मत वेगळं होतं. सकाळी रंग पुसता पुसता त्याने पोराला विचारलं, ‘‘ऋषी गप रवलो तेव्हा मी कित्याक बोलाक नाय?’’ पोराने सांगितलं, ऋषीने कमंडलू ठेवला म्हणून. राजाने मान हलवली आणि मालकाला हाक मारून सांगितलं की पुढच्या जत्रेत याला ऋषीचा शिष्य द्या, चार वाक्यं बोलू देत.