दुकानाची झाडलोट रोज, वेबसाइटची कधी?

पनवेलच्या बाजारात सकाळी शटर वर गेलं की पहिलं काम झाडलोटीचं. काउंटर पुसला जातो, संपलेल्या मालाची यादी होते, पाटीवरचा बंद पडलेला दिवा बदलला जातो. त्याच दुकानाची वेबसाइट मात्र तीन-चार वर्षांपूर्वी ओळखीच्या कुणा मुलाकडून करून घेतलेली असते. त्यानंतर तिच्याकडे कुणी फिरकलेलं नसतं.

घरच्या निकाहसाठी केटरर शोधताना हे मला चांगलंच कळलं. नात्यातल्या एका वलीम्यात जेवण आवडलं होतं आणि केटररचं कार्ड जपून ठेवलं होतं. त्यावरचा वेबसाइटचा पत्ता मोबाइलवर उघडला, तर समोर ऑनलाइन जुगाराची जाहिरात! शेजारी बसलेल्या अम्मीने मोबाइल उलटा ठेवला. नंतर उलगडा झाला. वेबसाइटच्या नावाची मुदत वाढवायची राहून गेली होती आणि ते नाव दुसऱ्याच कुणी घेतलं होतं. वडिलांच्या वेळेपासून नेकीने चाललेला धंदा, आणि त्यांच्या नावाच्या पाटीखाली जुगाराचा अड्डा!

वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, कायमचं विकत मिळत नाही. ते ठरावीक वर्षांसाठी नोंदवलं जातं. डॉट कॉमचं नाव एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांसाठी मिळतं. मुदत संपून नोंदणी रद्द झाली, तरी 30 दिवस ते जादा पैसे भरून सोडवता येतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते कुणालाही घेता येतं. ही चूक मोठ्यांकडूनही होते. डिसेंबर 1999मध्ये मायक्रोसॉफ्ट एका डोमेनचे 35 डॉलर भरायला विसरली आणि अनेकांचं हॉटमेल उघडेना. शेवटी मायकेल चेनी नावाच्या प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून ते पैसे भरले.

म्हणून पहिला प्रश्न : तुमचं डोमेन कुणाच्या नावावर आहे? बहुतेक वेळा ते वेबसाइट बनवणाऱ्याच्या ईमेलवर असतं. तो नोकरीसाठी दुबईला गेला, नंबर बदलला, की मुदतीच्या सूचना त्याच्याच जुन्या ईमेलवर पडून राहतात. दुकानाचं भाडेपत्र आपण रंगाऱ्याच्या नावावर करतो का? डोमेन आणि होस्टिंग आपल्याच नावावर, आपल्याच ईमेलवर हवं. पासवर्ड घरातल्या आणखी एका भरवशाच्या माणसाला माहीत हवा.

दुसरी गोष्ट अपडेटची. जगातल्या 40 टक्क्यांहून जास्त वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात. त्यात सापडलेल्या फटी नव्या अपडेटने बुजवल्या जातात. “आमच्याकडे चोरण्यासारखं काय आहे?” असं छोटे दुकानदार म्हणतात. पण हे चोर दुकान बघून येत नाहीत. त्यांचे प्रोग्राम दिसेल त्या दाराची कडी हलवून बघतात. शिवाय ऑर्डरबरोबर आलेले ग्राहकांचे नंबर आणि घरचे पत्ते ही आपल्याकडची अमानतच आहे.

तिसरी गोष्ट माहितीची. पनवेल झपाट्याने बदलतंय. 2016मध्ये इथे महानगरपालिका आली, 8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. बाहेरून येणारा माणूस गल्लीत विचारत नाही, मोबाइलवर शोधतो. तिथे जुने भाव, बंद नंबर किंवा मागच्या रमजानची वेळ दिसली, की तो पुढच्या दुकानात जातो.

हे सगळं सांभाळायला फार वेळ लागत नाही. महिन्याच्या पहिल्या जुम्याला नमाजनंतर अर्धा तास काढा. घरातल्या कॉलेजच्या मुलाला किंवा मुलीला सोबत घ्या.

• वेबसाइट मोबाइलवर उघडून नंबर, भाव आणि वेळा तपासा.
• संपर्काच्या फॉर्ममधून स्वतःलाच एक निरोप पाठवून बघा.
• आधी बॅकअप घ्या, मग अपडेट करा. बॅकअपची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा.
• डोमेन, होस्टिंगच्या मुदतीची तारीख दुकानाच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

वेबसाइटवरून कुणी ग्राहकांना फसवून पैसे उकळले, तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

सुरुवात आजच करता येईल. खिशातलं कार्ड काढा आणि त्यावरचा पत्ता स्वतः उघडून बघा.