बाफला, रोडगा आणि डहीचा पानिया

आपल्या गुरुवारच्या भजनाच्या मंडळींत एका गोष्टीवर आजवर एकमत झालेलं नाही. अभंग कोणता घ्यायचा यावर होतं, वर्गणी किती यावरसुद्धा होतं. पण गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर काय भाजायचं, यावर नाही. धार-देवासात जन्मलेले म्हणतात बाफला. अकोल्याकडून आलेले भाऊ म्हणतात रोडगा, आणि बाफल्याला ‘उकडलेला रोडगा’ म्हणून हिणवतात. जळगावच्या वहिनी दोघांनाही ऐकवतात की भाजायची वस्तू वांगं आहे, कणीक नव्हे. दर थंडीत हा वाद होतो, आणि तो झाल्याशिवाय कुणाला जेवण गोड लागत नाही. नव्या सुना-जावयांना आणि बाहेर राहणाऱ्या मुलांना ही भांडणं नेमकी कशावरून आहेत ते कळावं, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी बाफला, कारण मी त्याच पक्षाचा. जाडसर दळलेली गव्हाची कणीक, त्यात थोडं मक्याचं पीठ, मीठ, ओवा, हळद आणि सढळ मोहन. घट्ट मळून गोळे करायचे आणि उकळत्या पाण्यात सोडायचे. तळाशी बसलेले गोळे वर तरंगू लागले की काढून निथळायचे, कोरडे होऊ द्यायचे, मग निखाऱ्यावर. हिंदीत बाफ म्हणजे वाफ, नाव त्यावरूनच. राजस्थानची किंवा निमाडची बाटी थेट विस्तवावर जाते, म्हणून ती आत जरा कोरडी राहते. बाफल्याचं पीठ पाण्यातच अर्धं शिजलेलं असतं, म्हणून वरून खरपूस आणि आत मऊ. फोडून तुपात बुडवायचा, बरोबर डाळ, लसणाची चटणी आणि चुरम्याचा लाडू. माणशी दोन धरावेत. तीन खाईन म्हणणारे दुसऱ्यावरच आडवे होतात, हा माझा हिशेब अजून चुकलेला नाही.

पवारांबरोबर अठराव्या शतकात आपली घराणी इकडे आली. आपल्याकडे पुरणपोळी टिकली ती आतल्या चुलीवर. बाफला शिरला तो अंगणातून. अंगणातला विस्तव पुरुषांच्या हाती असतो, म्हणून त्याच्यावरून भांडणंही पुरुषांचीच जास्त!

रोडगा बाफल्याहून थोराड. कणकेचे थर एकात एक घालून मोठा गोळा करतात आणि तो गोवऱ्यांच्या आरात, राखेत पुरून सावकाश भाजतात. त्याच्याबरोबर वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. वऱ्हाडात देवाला रोडग्यांचा नवस असतो, आणि एकनाथ महाराजांच्या भारुडातली बाईसुद्धा भवानीला रोडगाच कबूल करते. भाऊ हा दाखला दरवर्षी देतात आणि बाफल्याचा उल्लेख कोणत्या संताने केला, ते विचारतात. यावर आमच्या पक्षाकडे उत्तर नाही.

वहिनींच्या भरिताबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात वादाला जागाच कमी आहे. वांगी हिरवी, मोठी, खानदेशातलीच हवीत आणि ती कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवरच भाजायची. आपल्याकडे काड्या मिळाल्या तर वांगी मिळत नाहीत. वहिनी दोन्ही गावाहून आणवतात.

माझा पुतण्या अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात आहे. तो सांगतो की तिथे डुकराचं मांस मंद आचेवर तासन्‌तास भाजतात, आणि राज्याच्या पूर्वेकडचे लोक त्यावर नुसतं व्हिनेगर आणि तिखट घालतात, तर पश्चिमेकडचे त्यात टोमॅटो मिसळतात. चर्चमधल्या मित्रांच्या जेवणातही यावरून जुंपते, पण एकमेकांच्या ताटातलं मात्र सगळे खातात. मी म्हटलं, म्हणजे आपल्यासारखंच की.

तसं म्हटलं खरं. मग डही आठवलं.

1988 ते 1991 मी डहीच्या शाखेत होतो. धार जिल्ह्याचा हा नैर्ऋत्येचा कोपरा, कुक्षीच्या पुढे. वस्ती मुख्यतः भिल्ल-भिलाला समाजाची. शाखेतले दप्तरी माझ्याहून वयाने मोठे, मी त्यांना दादा म्हणत असे. पावसाळा सरता सरता, नवा मका आल्यावर, त्यांनी एका रविवारी घरी जेवायला बोलावलं. तिथे पहिल्यांदा पानिया खाल्ला.

मक्याचं जाडसर पीठ कोमट पाण्यात मळायचं. पळसाचं पान खाली, त्यावर तळहाताएवढी जाड थापलेली चकती, वर दुसरं पान. काही घरी रुईची पानं घेतात. खाली पेटलेल्या गोवऱ्या, वर पुन्हा गोवऱ्या. मक्याच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, नुसता गोळा विस्तवावर टाकला तर फुटतो. पान त्याला धरून ठेवतं आणि आतली वाफ आतच कोंडतं. वरचं पान जळून जातं, शिरांचा ठसा मात्र पानियावर उमटतो. कोकणातली पानगी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना ओळख पटेल. बरोबर उडदाची डाळ. माझ्या ताटाशेजारी तुपाची वाटी होती. ते तूप दादांनी शेजारून मागून आणलं होतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. माझं जेवण होईपर्यंत घरातलं कोणी बसलं नाही.

बदली होऊन धारला आल्यावर मी दादांना आपल्या भजनाच्या बाफल्यांना बोलावलं. ते कुक्षीला बस बदलून आले, बरोबर पिशवीत पानं आणि मक्याचं पीठ. आपल्यात रीत अशी की ज्याचा पदार्थ त्याचा विस्तव. तो फुंकणारा त्यापुरता यजमान, आणि त्याच्या चिमट्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही. भाऊंना वेगळा विस्तव होता, वहिनींना होता. दादांना कोणी म्हणालं, “बाफले उतरले की शेवटी त्याच निखाऱ्यावर करा, मुलं खातील.” शेवटी निखारे मंदावलेले. पानिये आत कच्चे राहिले, पोटं भरलेली होती, दोन-तीन मुलांनी तुकडे मोडले. काहींनी हात लावला नाही, त्याचं कारण फक्त भरलेलं पोट नव्हतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मी वाढपात होतो. बोलायला हवं होतं, बोललो नाही. उरलेले पानिये दादांनी पिशवीत भरले आणि माझ्या आईला नमस्कार करून निघाले. पुढच्या वर्षी बोलावलं तर म्हणाले, काम आहे. त्याच्या पुढच्या वर्षी मी बोलावलं नाही.

भाऊ आणि आम्ही इतकी वर्षं भांडतो ते एकमेकांना बरोबरीचे धरून. पानिया आमच्या भांडणात कधी आलाच नाही.

दादा आता नाहीत. त्यांचा मुलगा डहीतच असतो. गेल्या महिन्यात मी त्याला फोन केला, झालं ते सांगितलं. त्याला ठाऊक होतं. यंदाच्या जेवणाला सगळ्यांनी या म्हटल्यावर थोडा वेळ थांबून म्हणाला, येऊ, पण विस्तव आमचा आम्ही पेटवू, आणि सगळ्यांच्या आधी.

गुरुवारी मंडळींपुढे हे ठेवलं. दोघे-तिघे गप्प बसले. भाऊ म्हणाले, रोडग्याला नाहीतरी वेळ लागतो, त्यांचं पहिलं होऊ द्या. तेव्हा फाल्गुनापर्यंत थांबून चालणार नाही, तेव्हा पळसाला फुलं असतात, पानं नसतात. मार्गशीर्षातला रविवार धरू. विस्तव चार. पानं ते आणणार आहेत. मका आपण दळून ठेवायचा आहे, पिठाच्या गिरणीत जाडसर म्हणून सांगावं. ज्यांच्या घरी गाय आहे त्यांनी गोवऱ्यांचं कळवावं.